फ्राऊ योग आणि जावाचा कादंबरीकार

मी जर्मनीत नेमकी काय नोकरी करते, हे सांगलीच्या माझ्या जाऊबाईंना मला शेवटपर्यंत पटवून देता आलं नाही. एका सुट्टीत मी म्हणाले, "लेखकांना गावोगाव फिरवते." पोळी लाटता लाटता त्यांचा हात थांबला.

"फिरवतेस म्हणजे? त्यांना एकट्याला रस्ता सापडत नाही?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. मी सांभाळलेल्या लेखकांपैकी बऱ्याच जणांना बानहोफवर, म्हणजे स्टेशनात, आपली गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते, हेही सापडत नसे.

काम असं होतं. जर्मनीत पुस्तक निघालं की लेखकानं गावोगाव जाऊन ते लोकांना वाचून दाखवायचं, अशी पद्धत आहे. त्याला लेझुंग म्हणतात. पुस्तकाचं दुकान, चर्चचा हॉल, गावची लायब्ररी, कुठेही होते. एक टेबल, त्यावर दिवा, पाण्याचा ग्लास आणि मागे लेखक. तो मान खाली घालून तासभर वाचतो आणि लोक तिकीट काढून, चांगले कपडे घालून, खोकला दाबून ऐकतात. आपल्याकडची व्याख्यानं नि कीर्तनं ऐकत वाढलेल्या मला सुरुवातीला हे फार अळणी वाटलं. पुस्तक छापलेलं आहे, लोकांना वाचता येतं, मग हा खटाटोप कशाला? पुढे कळलं, की लोक पुस्तक ऐकायला येतच नाहीत. हे ज्यानं लिहिलं तो माणूस कसा दिसतो, ते बघायला येतात.

हॉल ठरवायचा, तारीख जुळवायची, गाडीची तिकिटं काढायची, लेखकाला वेळेवर उठवून, जेवू घालून टेबलामागे नेऊन बसवायचं आणि प्रश्नोत्तरांत कोणी फार खवळलं तर "आता लेखक सह्या करतील" असं गोड आवाजात जाहीर करायचं, हे माझं काम. एक कवी पहिल्या रांगेत बायको बसल्याशिवाय तोंड उघडत नसे, आणि बायको बसली की तिच्याकडे बघून वाचायचा थांबे. मुलांसाठी गोष्टी लिहिणारे एक गृहस्थ मुलं दिसली की घामाघूम होत. मी दोघांनाही सांभाळलं.

पण सांगायचं आहे ते सुदर्मोबद्दल.

आम्ही छप्पन्न साली ब्राउनश्वाइगला आलो. हे तिथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. मी बी. ए. झालेली, टायपिंग येत होतं, आणि दिवसभर घरमालकिणीशी बोलून बोलून जर्मनही येऊ लागलं होतं. गावात फ्राऊ राइमर्स नावाच्या बाईंचं छोटं प्रकाशन होतं. नवरा युद्धात गेला, तेव्हापासून त्या एकट्या ते चालवत होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, घरातसुद्धा हॅट घालणाऱ्या. त्यांना टायपिस्ट हवी होती. मी नऊवारीत नाही, पण पाचवारीत, खाली लोकरी मोजे घालून मुलाखतीला गेले.

आमचं आडनाव जोग. जर्मन माणूस 'J'चा उच्चार 'य' असा करतो. फ्राऊ राइमर्सनी माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "योग? फ्राऊ योग? म्हणजे तुम्ही डोक्यावर उभ्या राहता?"

"अजून वेळ आली नाही," मी म्हटलं. त्या हसल्या आणि नोकरी लागली. पुढे मी तिथे कायमची फ्राऊ योग झाले.

टायपिंगवरून लेझुंगच्या कामावर माझी बढती झाली ती सुदर्मोमुळे. हा मूळचा पूर्व जावाचा. साखर कारखान्याच्या गावात वाढलेला. ब्राउनश्वाइगला जमीनमोजणीचं शिक्षण घ्यायला स्कॉलरशिपवर आला होता. पण देशात असतानाच त्यानं एक कादंबरी लिहून छापली होती, आणि तिचं जर्मन भाषांतर फ्राऊ राइमर्सकडे आलं. भाषांतर करणारे पास्टर लोरेंत्स हे म्हातारे धर्मोपदेशक. त्यांचं निम्मं आयुष्य जावात मिशनचं काम करण्यात गेलं होतं. फ्राऊ राइमर्सनी मला बोलावून सांगितलं, "हा लेखक इंडोनेशियन आहे, तुम्ही इंडियन आहात. तुमचं जमेल."

म्हणजे सांगलीची बाई आणि जावाचा मुलगा एकाच आळीतले, असं त्यांनी गृहीत धरलं. नकाशा काढून दाखवावा, असं मनात आलं होतं. पण बढतीच्या वेळी भूगोल काढू नये.

सुदर्मो बारीक, लहानखुरा, सतत कसल्याशा आनंदात असल्यासारखा. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला एकेरीत लिहिते आहे. तो पहिल्या दिवसापासून मला 'म्बाक' म्हणे. जावात थोरल्या बहिणीला असं म्हणतात. त्याला आडनाव नव्हतं. जावात पुष्कळांना नसतं. पण जर्मन हॉटेलात नाव आणि आडनाव दोन्ही लिहिल्याशिवाय किल्ली मिळत नाही. तो दोन्हीकडे सुदर्मो लिही. फ्राऊ राइमर्स म्हणाल्या, पुस्तकावर एकच नाव फार उघडंबोडकं दिसतं. मग 'एस. सुदर्मो' असं छापलं. कोणी विचारलं, एस म्हणजे काय, तर तो गंभीरपणे सांगे, "सुदर्मो."

गाडीत आमचा वेळ मजेत जाई. त्याच्या भाषेत संस्कृत शब्द खच्चून भरलेले. एकदा म्हणाला, "म्बाक, आमच्याकडे नवऱ्याला सुआमी म्हणतात."

"आमच्याकडे स्वामी म्हटलं तर नवरे डोक्यावर बसतील."

"आणि बायकोला इस्त्री."

"आमच्याकडे ती कपड्यांना करतात."

"दोसा म्हणजे पाप."

"तो आमच्याकडे उडप्याकडे मिळतो," मी म्हटलं, आणि ते त्याला समजावून सांगेपर्यंत स्टेशन आलं.

त्याची पहिली कादंबरी म्हणजे रासी नावाच्या बाईची गोष्ट. कारखान्यासमोरच्या बाजारात ती पथारी पसरून उकडलेले कंद विकते. आधी डचांचं राज्य, मग जपान्यांचं, मग स्वतःचं. प्रत्येक राज्याचा अंमलदार येऊन तिला पथारी उचलायला सांगतो, आणि ती प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत अशा शिव्या घालते, की तो निघून जातो. बाई जागची हलत नाही. मूळ नावाचा अर्थ 'पथारी' असाच होता. जर्मन पुस्तकाचं नाव ठेवलं 'माडांच्या सावलीत' आणि वेष्टणावर सूर्यास्त काढला.

"पुस्तकात एकही माड नाही," सुदर्मो म्हणाला.

"लोकांच्या मनात आहे," फ्राऊ राइमर्स म्हणाल्या, आणि विषय संपला.

पहिल्या काही लेझुंगना लोक आदरानं बसत आणि आदरानं उठून जात. कोणी हसत नसे. सुदर्मोला हे कोडं पडलं. तो म्हणे, आमच्याकडे हे पुस्तक वाचून लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतं, हसून. तोपर्यंत त्याचं स्वतःचं जर्मन कामचलाऊ होतं. छापलेलं तो बिनचूक वाची, पण शब्दांची वजनं त्याला ठाऊक नव्हती. ती हळूहळू कळू लागली. कुठे कळली, तर मोजणीच्या कामाला जायचा तिथल्या गड्यांमध्ये.

मग गोस्लारची लेझुंग आली. चर्चचा हॉल, पहिल्या रांगेत खुद्द पास्टर लोरेंत्स. रासी आणि डच अंमलदाराचा प्रसंग चालू होता. जर्मन पुस्तकात रासी म्हणत होती, "महाशय, परमेश्वर आपणांस सद्बुद्धी देवो." सुदर्मोनं ते वाक्य वाचलं आणि तो थांबला. पुन्हा एकदा मनात वाचलं. मग पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"आल्झो, हे बघा," तो म्हणाला. "ती असं म्हणाली नाही."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याला काही झालं असावं, असं मला वाटलं.

"ती म्हणाली," सुदर्मो सावकाश, गड्यांच्या जर्मनमध्ये सांगू लागला, "अरे मेल्या, तुझ्या टोपीत कोंबडी अंडी घालो, आणि ती तुझ्या डोक्यावर फुटोत, आणि तुझ्या सासूनं ती चाटून घ्यावीत." यापुढे आणखी दोन वाक्यं होती. ती दिवाळी अंकात लिहिण्यासारखी नाहीत.

मग मधल्या रांगेतला एक धिप्पाड माणूस, गावचा खाटीक निघाला तो, खो खो हसायला लागला. मग त्याची बायको. मग सगळा हॉल. सुदर्मोनं पुस्तक उघडलंच नाही. सगळी रासी त्यानं तोंडानं सांगितली. माझं लक्ष पास्टर लोरेंत्सकडे. त्यांचे कान लाल झाले होते आणि दोन्ही हात काठीवर घट्ट होते.

नंतर स्टेशनवर आम्ही तिघे बाकावर बसलो. सुदर्मो म्हणाला, "हेर पास्टर, मी तुमचा अपमान केला."

"नाही," म्हातारा म्हणाला. "ते शब्द मला माहीत होते. बाजारातून जाताना मी रोज ऐकायचो. ऐकून हसायचोही, घरी येऊन, दार लावून. पण लिहायला बसलो, की हात वळत नाही. माझे वडीलही पास्टर होते."

"मग दुसऱ्या कोणाला भाषांतर द्यायचं का?" मी घाबरत विचारलं. प्रकाशनाची माणूस म्हणून हा प्रश्न मलाच विचारायला हवा होता. त्या काळी ती भाषा जाणणारा दुसरा माणूस शोधायचा तरी कुठे, हेही मला माहीत नव्हतं. तेवढ्यात पास्टरसाहेबांची गाडी आली आणि ते गेले.

पुढच्या कादंबरीच्या वेळी त्यांनी स्वतःच तोड काढली. ही कादंबरी एका मोजणीदाराची. तो साखळी घेऊन गावोगाव जमिनी मोजत हिंडतो. त्याला बघून प्रत्येक गाव भांडायला उठतं, म्हणून यात शिव्या पहिलीपेक्षा जास्त. पास्टर लोरेंत्स एके दिवशी ऑफिसात आले, माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "फ्राऊ योग, जर्मनमधले वाईट शब्द तुम्हाला येतात का?"

"नाही, हेर पास्टर."

"एकही नाही?"

"मी घरमालकिणीकडून जर्मन शिकले. त्या चर्चमध्ये गातात."

"उत्तम," ते म्हणाले. "मग मी सांगतो, तुम्ही टाइप करा. माझा हात ते लिहिणार नाही, आणि तुमच्या हाताला ते कळणार नाही. दोघांनाही पाप नाही."

अशी आमची वाटणी झाली. साधं भाषांतर ते घरून लिहून आणत. शिव्या आल्या, की जागा कोरी सोडत. मग ऑफिसात येऊन खिडकीकडे तोंड करून, पाठीमागे हात बांधून एकेक शब्द अक्षरं फोडून सांगत, आणि मी टायपरायटरवर बडवत असे. मधूनच ते थांबून म्हणत, "नाही, हा सौम्य झाला. खोडा." आणि त्याहून जोरदार सांगत. त्या उन्हाळ्यात माझा शब्दसंग्रह फार वाढला.

त्याचा एक परिणाम घरी झाला. यांच्या प्रोफेसरांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. बटाट्याची भाजी खाली लागली. मी सहज, पास्टरसाहेबांकडून कानावर पडलेल्या एका विशेषणासह, बटाट्यांबद्दल खेद व्यक्त केला. मला वाटत होतं त्याचा अर्थ 'हट्टी' असा आहे. प्रोफेसरीणबाईंच्या हातातला काटा ताटात पडला. प्रोफेसर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"अगं, हे कोणी शिकवलं तुला?" यांनी नंतर विचारलं.

"पाद्रीबुवांनी," मी म्हटलं. त्यांनी पुढे चौकशी केली नाही.

मोजणीदाराची कादंबरी चालली. लोक आम्हाला बोलावू लागले. लुडविग्सहाफेनला रसायनवाल्यांसमोर, डोंगरातल्या खेड्यांत, बंदराच्या गावांत. प्रश्न सगळीकडे तेच. "तुमच्याकडे वाघ आहेत का?" सुदर्मो सांगे, "आहेत, पण ते लेझुंगला येत नाहीत." मळेवाल्यांकडे नोकरी केलेला एक वृद्ध डच गृहस्थ तावातावानं उठला आणि म्हणाला, "आम्ही तिथे रेल्वे बांधली." सुदर्मो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. मी तिनंच पळून आलो." मी लगेच सह्यांची घोषणा केली.

सुदर्मोचं शिक्षण संपलं होतं, गावात मोजणीच्या कचेरीत नोकरी होती, आणि पुढच्या वर्षी देशात परत जायचं, आईजवळ राहायचं, असं त्याचं ठरत आलं होतं. आई तिथेच, कारखान्याच्या गावात. त्याच्या पुस्तकातली रासी अर्धी तिच्यावरून घेतलेली.

पासष्ट साल संपता संपता त्याच्या देशात सगळं उलथंपालथं झालं; लष्करानं सत्ता हातात घेतली आणि डाव्यांची धरपकड सुरू झाली. जर्मन पेपरांत बातमी आतल्या पानावर येई, दोन परिच्छेद. माणसं पकडली जात होती, नाहीशी होत होती. ज्या मासिकात सुदर्मोच्या पहिल्या गोष्टी छापून आल्या, ते बंद झालं. संपादक तुरुंगात. सुदर्मो कधी कुठल्या पक्षात नव्हता. पण नाव त्या मासिकात छापलेलं होतं, आणि तेवढं पुरे होतं.

त्याच्या पासपोर्टाची मुदत संपत आली. एके दिवशी तो ऑफिसात आला. मी चहा केला. तो म्हणाला, "म्बाक, पासपोर्ट नवा करायला आमच्या वकिलातीत जायचं म्हणजे प्रश्नांची उत्तरं द्यायला लागतील. त्या मासिकात आणखी कोण कोण यायचं, कोणाच्या घरी बैठका व्हायच्या. मी नावं सांगितली, तर त्यांच्या दारात कोणी जाईल. नाही सांगितली, तर माझ्या आईच्या दारात जाईल."

"मग?"

"मी जाणारच नाही. समोर बसवून विचारायची संधीच त्यांना द्यायची नाही. मुदत संपू दे."

"संपली तर तू कुठला राहशील?"

"तेच बघायचं आहे," तो म्हणाला आणि चहा प्यायला. हसतमुख माणसाचा चेहरा हसायचा थांबला, की ओळखीचा वाटत नाही.

मुदत संपली. होखशूलेतले त्याच्या देशाचे विद्यार्थी पूर्वी रविवारी त्याच्या खोलीवर जेवायला जमायचे. आता तो समोरून आला, की ते रस्ता ओलांडून जात. मला राग आला. तो म्हणाला, "रागावू नका, म्बाक. त्यांनाही आया आहेत."

त्या दिवसांत झुरिकची लेझुंग ठरलेली होती. हॉल भरणार होता, आणि लेखकाला सीमा ओलांडता येत नव्हती. रद्द करावी, असं मी म्हणाले. फ्राऊ राइमर्सनी हॅट नीट केली आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. तुम्ही वाचा."

मी गेले. रासीचा प्रसंग वाचला, पास्टरसाहेबांनी पुन्हा करून दिलेल्या नव्या आवृत्तीतला, शिव्यांसकट. सांगलीच्या जोगांच्या घरातली सून परदेशात भरसभेत काय म्हणत होती, ते सासूबाईंना कधीच कळलं नाही, ही देवाची कृपा. लोक हसले, टाळ्या झाल्या. सुरुवातीलाच मी स्वच्छ सांगितलं होतं, की लेखक येऊ शकले नाहीत, मी प्रकाशनाची माणूस. तरीही शेवटी एक आजी आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे भरून म्हणाल्या, "पोरी, तुझ्या देशात तू किती सोसलंस."

"आजी, मी सांगलीची," मी म्हटलं.

"हो, हो," त्या म्हणाल्या, "तिथेच तर सगळ्यात वाईट झालं म्हणतात."

परत आल्यावर हे मी सुदर्मोला सांगितलं. कित्येक आठवड्यांनी तो हसला.

पुढे परकीयांच्या कचेरीत, आउसलेंडरआम्टमध्ये खेटे सुरू झाले. देश नसलेल्या माणसाला जर्मन सरकार एक वेगळा पास देतं, त्याला फ्रेम्डेनपास म्हणतात. तो मिळायला कोणीतरी पाठीशी उभं असावं लागतं. एकदा फ्राऊ राइमर्स स्वतः आमच्याबरोबर आल्या. खिडकीमागच्या साहेबानं विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

"लेखक," सुदर्मो म्हणाला.

"तो व्यवसाय झाला. कुठले?"

फ्राऊ राइमर्स पुढे झाल्या. "ते माझे आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या यादीत आहेत. मी त्यांची पुस्तकं काढते, आणि पुढचंही काढणार आहे. तुम्हाला आणखी काय हवं?"

पुढचं पुस्तक तोवर लिहिलेलंच नव्हतं. बाहेर आल्यावर सुदर्मो तसं म्हणाला. "मग लिहा," बाई म्हणाल्या. "मी सरकारी कचेरीत खोटं बोलत नाही."

पास मिळाला, आणि त्यानं लिहिलं. माझ्या मते ही त्याची सगळ्यात मोठी कादंबरी. कारखान्याच्या गावातला एक फोटो स्टुडिओवाला. गावातल्या सगळ्या लग्नांचे, शाळांचे, संघांचे फोटो त्यानं काढलेले. राजवट बदलते आणि लोक गुपचूप त्याच्याकडे येऊ लागतात. माझ्या शेजारी उभा आहे ना, तो माणूस फोटोतून काढून टाक. स्टुडिओवाला चेहरे खरवडून तिथे फुलांच्या कुंड्या रंगवतो. हळूहळू गावातल्या भिंतींवर नुसत्या कुंड्यांचे फोटो. नवरदेवाशेजारी कुंडी, मास्तरांच्या जागी कुंडी, फुटबॉलच्या संघात पाच कुंड्या.

भाषांतर आम्ही पास्टरसाहेबांच्या स्वयंपाकघरात केलं. त्यांची दृष्टी गेली होती. सुदर्मो वाची, ते जर्मनमध्ये सांगत, मी टाइप करी. पुस्तक संपत आल्यावर पास्टरसाहेबांनी विचारलं, "या खेपेला तुम्ही माझ्यासाठी एकही शिवी ठेवली नाहीत?"

"आता तिकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही, हेर पास्टर," सुदर्मो म्हणाला. पास्टरसाहेबांनी मान डोलावली.

मूळ पुस्तक तिकडे छापणं शक्य नव्हतं. म्हणजे जर्मन भाषांतर आधी बाजारात आलं, आणि मूळ कपाटात राहिलं. मराठीत आणावं असं मला फार वाटायचं, पण जर्मनवरून आणलेलं कितपत खरं उतरेल, या भीतीनं ते माझ्याकडून राहून गेलं. त्याची हळहळ आहे.

या पुस्तकाची पहिली लेझुंग ब्राउनश्वाइगलाच होती. सुदर्मोनं एकच गोष्ट मागितली. सुरुवातीला एक पान मूळ भाषेत वाचायचं.

"कोणाला कळणार?" फ्राऊ राइमर्सनी विचारलं.

"मला," तो म्हणाला.

हॉल भरला. दिवा, ग्लास, टेबल. पास्टरसाहेब पहिल्या रांगेत, हात धरून आणून बसवलेले. मी दाराशी उभी, कारण उशिरा येणाऱ्यांना पाय न वाजवता आत घेणं हेही माझंच काम. सुदर्मोनं सुरू केलं, तेवढ्यात तिघं जण आत आले. दोन मुलगे, एक मुलगी. तोंडावळा त्याच्यासारखा. मी खुर्च्या दाखवायला लागले, तर मुलीनं हातानं नको म्हटलं. ती तिघं भिंतीला टेकून, कोट न काढता उभी राहिली.

तो वाचत होता ते फुटबॉलच्या संघाचं पान होतं. हॉलमधले लोक, न कळणारी प्रार्थना ऐकावी, तसे बसले होते. पास्टरसाहेब तेवढे गालात हसत होते. आणि अचानक मागून ती मुलगी मोठ्यानं हसली. तिनं लगेच तोंडावर हात धरला, पण हसू थांबेना. तिच्याजवळचा मुलगाही हसायला लागला. सुदर्मोनं मान वर केली. दिव्यामुळे त्याला मागचं दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यानं क्षणभर अंधारात पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं. आवाज बदलला होता. तो आता आमच्यासाठी वाचत नव्हता. एकाऐवजी त्यानं तीन पानं वाचली, आणि घड्याळाकडे डोळे लावून बसणाऱ्या फ्राऊ राइमर्सनी त्याला थांबवलं नाही.

सह्यांच्या वेळी मुलगे निघून गेले. मुलगी रांगेत शेवटी उभी राहिली. तिनं पुस्तक पुढे केलं. सुदर्मोनं त्याच्या भाषेत काही विचारलं, बहुधा नाव. तिनं नकारार्थी मान हलवली. तो समजला. नुसती सही करून त्यानं पुस्तक परत दिलं. ती त्याच्या हाताला कपाळ लावून, तिकडे वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार करून निघून गेली. सुदर्मोनं टोपण न लावता पेन खिशात घातलं. शर्टावर शाईचा डाग पडला आणि तो डाग मला दाखवत सुदर्मो म्हणाला, "म्बाक, कळलं कोणाला तरी."

त्यानंतर प्रत्येक गावात सुरुवात मूळ भाषेतूनच होऊ लागली. आखेनला, म्युनिकला, हांबुर्गला. आणि जिथे होखशूले होती, इस्पितळ होतं, बंदर होतं, तिथे कोणी ना कोणी येई. उशिरा, कोट घालून, दाराशी. हसायच्या जागी हसून, दिवे लागायच्या आत निघून जाई.

मी हॉलवाल्यांना आधी फोन करत असे. टेबल, दिवा, पाणी, हे नेहमीचं सांगून झालं की म्हणे, "आणि मागे, दाराजवळ, उजेड पडणार नाही अशा जागी तीन-चार खुर्च्या मोकळ्या ठेवा."

"राखीव का? कोणाच्या नावानं?" ते विचारत.

"नाव नाही," मी सांगत असे. "पण ठेवा."